भोक न पाडलेला डबा

कडावच्या डॉक्टरांनी मला सरळ विचारलं होतं, "तुम्ही रसायनीला असता ना? तिकडून घरी काही आणलं होतं का?" आणि मी म्हणालो, "नाही."

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही. आईच्या शेवटच्या दुखण्यात तिच्या उशाशी बसून होतो, तेव्हा तिलाही नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा माझा मोठा भाऊ शेजारी उभा होता, त्याची मुलगी समोर बाकावर पडली होती, आणि मी नाही म्हणालो. तो डबा मीच आणला होता. त्यात काय भरलेलं असायचं ते त्या खोलीत मला एकट्यालाच ठाऊक होतं.

आता पहिल्यापासून सांगतो.

आमचं घर कडावच्या अलीकडच्या वस्तीत. आई, दादा, वहिनी, त्यांची एकुलती मुलगी आणि मी. वडील लवकर गेले. दादा भाताच्या गिरणीत कामाला होता, पावसाळ्यात खंडाने घेतलेलं थोडं भातशेत करायचा. आजकाल मोहोपाड्याच्या आमच्या कॉलनीत दर घराबाहेर कचऱ्याची बादली असते आणि ती रोज भरते. आमच्या त्या घरात भरायला काही नसायचंच. आईचं लुगडं विरलं की त्याचा धड भाग गोधडीत जायचा. गोधडी फाटली की तिचं पोतेरं व्हायचं. पोतेरं झिजून हातात येईनासं झालं की चुलीत. चुलीतली राख भांडी घासायला, आणि भांड्यांचं खरकटं पाणी मागच्या अळवाला. घरामागे उकिरडा होता, पण त्यावर शेण आणि पालापाचोळा सोडून काही पडत नसे. गावातली कुत्री आमच्या दारावरून न थांबता पुढे जात.

आईचा नियम एकच होता. ज्याला भोक नाही ते टाकायचं नाही. आणि भोक पडलंच, तर टाकायच्या आधी चार दिवस विचार करायचा. गळक्या परातीत कोंडा घालून तिने कोंबडी अंड्यांवर बसवली होती, ते मला आठवतं. कोंबडीला ती काही आवडली नाही, पण आईपुढे तिचंही चाललं नाही.

यात नुसती गरिबी नव्हती. माझी आजी गावात टोपली घेऊन जायची आणि लोकांच्या घरचे शिळे तुकडे घेऊन यायची. आमच्या लोकांचा तो हक्क आहे असं गाव म्हणायचं. छप्पन साली वस्तीने दीक्षा घेतली आणि त्यानंतर ती टोपली पुन्हा कुणी उचलली नाही. आईने ती वर माळ्यावर टाकून दिली होती, आणि जिच्या घरात काहीच टाकलं जात नसे तिने ती एक वस्तू कधी वापरली नाही. ती म्हणायची, "दुसऱ्याचं शिळं खायचं नाय, आणि आपलं टाकायचं नाय." ही दोन्ही वाक्यं तिला सारखीच महत्त्वाची होती. आपलं अन्न आपण पिकवलेलं, आपण रांधलेलं. ते उरलं तर ते आपलंच उरलेलं. त्याची लाज नाही.

वहिनी खालापूरकडची. ती आली आणि या बाबतीत आईच्याही वर निघाली. दोडक्याच्या शिरांची चटणी आमच्याकडे तिने आणली. फणसाच्या आठळ्या ती कोरड्या मातीत अशा पुरून ठेवायची की गौरीगणपतीपर्यंत ताज्या राहायच्या. दादा थट्टेने म्हणायचा, "हिच्यासमोर फार वेळ पडून ऱ्हायची सोय नाय. मला पण उसवून गोधडीत घालंल." वहिनी लगेच म्हणायची, "तुमचं कापड जाड हाय, सुई शिरत नाय." आई तोंडावर पदर घेऊन हसायची. ती सगळी हसताना कशी दिसायची हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण नंतर त्या घरात तसं हसणं झालं नाही.

वहिनीची खरी करामत होती भाताचे सांडगे. रात्रीचा भात उरला की सकाळी ती तो कुस्करायची, त्यात जिरं, मीठ, लाल तिखट घालायची आणि त्याचे बोराएवढे गोळे जुन्या धोतरावर उन्हात घालायची. असं उन्हाळाभर, मूठभर मूठभर. पावसात भाजी नसायची तेव्हा तेच तळून किंवा नुसते निखाऱ्यावर भाजून पेजेबरोबर घ्यायचे. तिची अडचण एकच होती. आमच्याकडचा पाऊस म्हणजे भिंतींना ओल, पांघरुणाला ओल, मिठाला पाणी. मडक्यात ठेवलेल्या सांडग्यांना आषाढातच बुरशी धरायची. बुरशी धरलेले ती निवडून गुरांना घालायची आणि तो दिवस ती कुणाशी बोलायची नाही. मला एकदा म्हणाली होती, "भावजी, घट्ट झाकणाचा एक डबा मिळाला ना, तर माजा एक दाणा फुकट जायचा नाय."

मी तेव्हा रसायनीत एका लहान कारखान्यात लागलो होतो. तो कारखाना आता नाही. तिथे पिकावर मारायचं औषध तयार व्हायचं. मी टेंपररी होतो, मोहोपाड्यात चौघांत मिळून एक खोली होती, आणि सुट्टी आली की चौक गावावरून कर्जत, कर्जतवरून कडाव असा घरी यायचो. कच्चा माल पत्र्याच्या डब्यांतून यायचा. चौकोनी, भक्कम, वर दाबून बसणारं गोल झाकण. डबे रिकामे झाले की ते माझ्याकडे यायचे. माझं काम एवढंच, की प्रत्येक डब्याच्या बुडाला पहार लावायची, हातोडा मारायचा आणि भोक पाडायचं. मगच डबा भंगारात जायचा.

हे कशासाठी ते पहिल्याच दिवशी आमच्या सुपरवायझरने सांगितलं होतं. भोक पाडलं नाही तर लोक नेतात, आणि त्यात धान्य नाहीतर तेल भरतात. हे औषध धुऊन जात नाही, असं तो म्हणाला होता. मी त्याच्या समोर उभा राहून ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. आणखी एक मी पाहिलेलं होतं. आमच्यातल्या एकाच्या अंगावर ते औषध सांडलं. थोड्या वेळाने त्याच्या तोंडातून लाळ गळायला लागली, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, हातपाय उडायला लागले. कारखान्यात एक पेटी होती, तिच्यातलं इंजेक्शन त्याला दिलं, परत दिलं, आणि तो माणूस वाचला. पुढे कामावर आला. आम्ही त्याला चिडवायचो, की आता याला किडे चावणार नाहीत.

म्हणजे लक्षण काय आणि उपाय काय, दोन्ही मला माहीत होतं.

पण ज्या घरात भोक नसलेली वस्तू टाकत नाहीत त्या घरातला मी. दिवसभर धड डब्यांना भोकं पाडायची, हे मला जमत नसे. हातोडा बसला की पत्र्याचा जो आवाज यायचा तो मला आईला शिवी दिल्यासारखा लागायचा. आमच्यापैकी बरेच जण एखादा डबा बाजूला काढायचे. मी पुष्कळ दिवस काढला नाही. मग एक डबा असा आला, की त्याला एक पोचा नव्हता, झाकण चापट मारताच बसायचं. मला वहिनी आठवली. मी त्याला भोक पाडलं नाही. सोड्याने धुतला, चिंचेने घासला, राखेने घासला, खोलीमागे चार दिवस उन्हात उलटा ठेवला. वरचा कागद खरवडून काढला. नाक आत घालून पाहिलं तर सगळ्यात तळाशी एक वास होता, लसणासारखा. एवढं तर राहणारच, असं मी स्वतःला म्हणालो.

घरी नेला तेव्हा आईने त्याच्या बुडावर हात फिरवला, उजेडात धरून आत पाहिलं. "कशाचा रं?"

"साबणाच्या पावडरीचा," मी म्हणालो.

मी मोठ्या खोट्याआधी हे एक बारीक खोटं बोललो होतो. साबण म्हटल्यावर आईचं समाधान झालं. साबणाइतकं स्वच्छ काय असणार. वहिनीने डबा दोन्ही हातांनी घेतला, झाकण उघडलं, लावलं, उघडलं, लावलं. दादा म्हणाला, "आता हिला माजी पण गरज नाय." त्या दिवशी तिने मला जेवायला बसवून स्वतः वाढलं, आणि मासळीचा मोठा तुकडा दादाच्या ताटात न पडता माझ्या ताटात पडला.

तो उन्हाळा तिने डबा भरण्यात घालवला.

आषाढात मी घरी आलो. बाहेर धो धो लागलेला. वहिनीने मला डब्यापाशी नेलं आणि झाकण काढून दाखवलं. सांडगे कालच उन्हातून उचलल्यासारखे होते, कोरडे, लालसर. ती म्हणाली, "बघा भावजी. बुरशी नाय. आणि एक मुंगी लागली नाय, एक."

आमच्या घरात गुळाच्या डब्याभोवती पाण्याची परात ठेवली तरी मुंग्या पोचत. भिंतीतून येत, छपरातून येत. वहिनीच्या मागे चुलीपासून दारापर्यंत त्यांची रांग चाललेली मला दिसत होती, आणि डब्यापासून हातभर अंतरावर ती वळसा घालून जात होती. मी ते पाहिलं. कारखान्यात किडे मारायचं औषध करणारा मी, आणि मला ते कळायला हवं होतं. कळलं नाही असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. आज लिहायला बसलो आहे तर खरं ते लिहितो. शंका आली होती. मग वहिनीचा चेहरा पाहिला. तिने आयुष्यात पहिल्यांदा पावसाला हरवलं होतं. मी म्हणालो, "झाकण नीट लावत जा." आणि चहा मागितला.

दादाची मुलगी तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. कच्चे सांडगे चोरून खाणं हा सगळ्याच पोरांचा धंदा असतो, मीही केलेला. तिच्या फ्रॉकला वहिनीने माझ्या जुन्या पँटचा खिसा लावून दिला होता. त्या खिशात ती सांडगे भरायची आणि दिवसभर चघळत फिरायची. वरवरचे संपले तसा तिचा हात तळाशी जायला लागला.

श्रावणातली सुट्टी होती, म्हणून मी घरी होतो. घरात आदल्या दिवसापासून आईला मळमळत होतं, दादाचं डोकं धरलं होतं. पावसाळा म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. जेवणं झाल्यावर वहिनी भांडी घासत होती आणि पोर तिच्याजवळ ओट्यावर बसली होती. वहिनीने हाक मारली ती मला. मी बाहेर आलो तर पोरीच्या तोंडातून लाळेची तार लागली होती आणि ती वहिनीकडे बघत होती, पण बघत नव्हती. मी तिचं डोकं धरून डोळे पाहिले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

मला त्याच क्षणी कळलं. हे मी आता कुणापासून लपवत नाही.

दादाने तिला खांद्यावर टाकलं आणि आम्ही कडावच्या दवाखान्यात पळालो. वहिनी अनवाणी, ओल्या राखेचे हात तसेच. डॉक्टर चांगले होते. त्यांनी लगेच विचारलं, काय खाल्लं. आणि वहिनीने सगळं सांगितलं. काही मागे ठेवलं नाही. म्हणाली, भाताचे सांडगे खाल्ले, उरलेल्या भाताचे, उन्हाळ्यात केलेले. किती दिवसांचे, कशात काय घातलं, सगळं. तिला वाटत होतं आपण जेवढं सांगू तेवढी पोर वाचेल. डॉक्टरांनी मग दादाला विचारलं, घरात शेतीचं औषध आहे का, उंदराचं आहे का. दादा नाय म्हणाला. ते खरंच होतं. मग ते माझ्याकडे वळले आणि वर लिहिलेला प्रश्न त्यांनी मला विचारला.

नोकरी जाईल म्हणून मी गप्प बसलो असं लिहिलं तर लोकांना पटेल. मी पर्मनंट व्हायचा होतो, डबा नेलेला कळला असता तर गेलीच असती. पण त्या क्षणी मला नोकरी आठवली नाही. दादा माझ्याकडे बघत होता, एवढंच होतं. त्याने मला शिकवलं, त्याच्या गिरणीच्या मजुरीवर मी मॅट्रिक झालो. त्याच्या समोर ते तोंडातून काढायचं मला जमलं नाही. पुढच्या क्षणी सांगू असं वाटलं. डॉक्टर मान हलवून सलाईनकडे वळले होते. अन्न नासलं असणार, कर्जतला न्या, असं ते म्हणाले. पुढचा क्षण आला आणि गेला. त्यांनी जे ऐकलं त्यावर त्यांनी केलं. मी सांगितलं असतं तर त्यांच्याकडे ते इंजेक्शन असतं की नसतं, मला माहीत नाही. कर्जतला तरी असतं. निदान सलाईनमध्ये वेळ न घालवता त्यांनी तिकडे धाडलं असतं.

गिरणीच्या टेंपोत पाठीमागे कोंड्याच्या पोत्यांवर आम्ही बसलो. कर्जतच्या अलीकडचा नदीवरचा पूल यायच्या आधीच वहिनीच्या मांडीवर ती थंड पडली. पूल येईपर्यंत वहिनीने कुणाला सांगितलं नाही. तिने पदराने पोरीच्या तोंडावरचा फेस पुसला, पदराची घडी घातली आणि मग दादाकडे बघितलं. मी समोर बसलो होतो. अजून सांगता आलं असतं. निदान ती शिळ्या भाताने गेली नाही, एवढं तरी.

आमच्यात लहान मुलाला पुरतात. पुरून आलो. वस्तीतल्या बायका जमल्या होत्या, गावातून आलेलं कुणीतरी दारात उभं राहून म्हणालं, की धर्म बदलला पण शिळं खायचं काही सुटलं नाही यांचं. हळू म्हणालं, पण त्या घरात सगळं ऐकू यायचं. आईने मान खाली घातली. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. आणि दादा, जो तिला कधी वावगं बोलला नव्हता, तो तिच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "तुज्या शिळ्यानं खाल्लं माजं लेकरू."

वहिनी मान हलवत राहिली, जशी आपण एखादा हिशोब पटल्यावर हलवतो. मी दारापाशी होतो.

दुसऱ्या दिवशी मी तो डबा परसात नेला, उरलेले सांडगे खोल खड्ड्यात पुरले, आणि दादाची पहार घेऊन डब्याच्या बुडाला भोक पाडलं. एक पाडलं, मग थांबता आलं नाही, पाडत राहिलो. कारखान्यात जे मी करायचं टाळलं होतं ते घरी केलं. आवाजाने वहिनी मागच्या दारात आली.

"चांगला डबा होता भावजी," ती म्हणाली. तिला रडून रडून आवाज राहिला नव्हता. "डब्याचं काय चुकलं?"

मी म्हणालो, "आता यात काही ठेवायला नको."

ती म्हणाली, "घरात सगळे बोलले. तुमी तेवढे मला बोलला नाय. मी मरंस्तवर इसरायची नाय."

त्या शब्दांवर मी पुढची सगळी वर्षं जगलो आहे. मला पर्मनंट केलं, मग तो कारखाना सुटला, दुसरा लागला. लग्न झालं, क्वार्टर मिळाली. दर दसऱ्याला मी घरी जातो आणि वहिनी माझ्यासाठी वेगळं रांधते. माझ्या मुलांना ती स्वतःच्या हाताने अंघोळ घालायची. तिला नंतर एक मुलगा झाला, तो आता मोठा आहे. पण तिच्या लेखी त्या घरात तिच्या बाजूने उभा राहिलेला माणूस एकच, आणि तो मी. दादा तिच्याशी कामापुरतं बोलतो. वाईट वागत नाही. पण तिने वाढलेल्या ताटातला भात तो अजून आधी बोटाने दाबून बघतो, वाफ येते का ते. ती बघत असते. तो मुद्दाम करत नाही, त्याच्या बोटाला सवय लागली आहे. आई गेली तीही मनात तेच घेऊन गेली. जाण्याआधी मला म्हणाली होती, "माजीच चूक. मीच तिला शिकवलं टाकू नको म्हणून." मी तिच्या पायाला तेल चोळत होतो. चोळत राहिलो.

आणि वहिनी आता सगळं टाकते. आमच्या घरात कचरा सुरू झाला तो त्या श्रावणापासून. दुपारचा भात उरला की तो गरम असतानाच ती मागे नेऊन कुत्र्यांपुढे ओतते. दोडक्याच्या शिरा, आठळ्या, धड लुगडी, काचेच्या बाटल्या, सगळं. लुगडं विरायच्या आत टाकते. उकिरडा घराच्या भिंतीला येऊन टेकला आहे आणि गावातली कुत्री आता आमच्या दारातच बसलेली असतात. शेजारच्या पोरी तिच्या मागे हसतात, म्हातारीला उधळायचा नाद आहे म्हणतात. मी जेवून उठलो की ती माझ्यासमोर पातेलं उचलून मागे जाते आणि मला ओतल्याचा आवाज येतो. तिला माणसांच्या पोटात आपल्या हातचं शिळं जाण्याची भीती वाटते. ही भीती मी तिला दिली. तिच्या हातात जे कसब होतं, ज्याचा तिला एवढा अभिमान होता, ते मी तिच्याकडून काढून घेतलं आणि तिनेच पोर मारली असं तिला पटू दिलं.

मी हे आता का लिहितो आहे, तर मागच्या महिन्यात कुंभिवलीला हायवेच्या कडेला एक भंगारवाला बसलेला दिसला. निळे प्लॅस्टिकचे कॅन, पत्र्याचे डबे, पिंपं, सगळं कारखान्यांतून आलेलं. एक बाई पाण्यासाठी कॅन बघत होती, कडेवर पोर. मी थांबलो. भंगारवाल्याला विचारलं, यात काय होतं. तो म्हणाला, "आता काही नाही ना, मग झालं." मी त्या बाईला म्हणालो, हे घेऊ नका, याने पोरं मरतात. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मग तुमी द्या दुसरा," ती म्हणाली. "उन्हाळा हाय. पाणी काय पदरात भरू?"

मी म्हणालो, माझ्या घरात एक मेलेलं आहे. माझ्या तोंडून ते पहिल्यांदाच बाहेर पडलं, आणि पडलं ते हायवेवर, एका अनोळखी बाईपुढे, ट्रकच्या आवाजात. तिला नीट ऐकूही आलं नसावं. तिने कॅन उलटा करून ठोकला, हुंगला आणि घेऊन गेली. घरी येऊन मी आमच्याकडचा एक तसाच कॅन फोडला. बायको म्हणाली, डोकं फिरलंय का, सगळी कॉलनी वापरते. तिलाही मी कारण सांगितलं नाही.

त्यानंतर मी एकदा कडावला जाऊन आलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. वहिनी अंगणात तांदूळ निवडत होती, दादा खाटेवर होता. तिने मला पाहिलं आणि निवडलेले तांदूळ खाली ठेवून उठली, "या भावजी" म्हणाली, आणि चूल पेटवायला आत गेली. मी जेवलो. उरलेलं तिने मागे नेऊन ओतलं. मी शेवटच्या एस.टी.ने परत आलो.

वहिनीला वाचता येत नाही. त्यामुळे हे एवढं लिहून माझं काहीच फिटलेलं नाही. दादा ऐकत असताना तिच्यासमोर उभं राहून मला तिला सांगायचं आहे, की डबा विषाचा होता, तो मी आणला, मला माहीत होतं, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, आणि तिच्या भातात काही नव्हतं. ते मी अजून सांगितलेलं नाही.